ट्रॅक्टरवर एलईडी फ्लडलाईट : पोळा ते दिवाळी

सोयाबीनची मळणी दिवसाउजेडी उरकत नाही. यंत्राची पाळी येते ती बहुतेक वेळा संध्याकाळी, आणि मग बनीमीजवळ, म्हणजे कापून रचलेल्या पिकाच्या गंजीजवळ, ट्रॅक्टर लावून रात्री एक-दोनपर्यंत काम चालते. ट्रॅक्टरच्या मागच्या मडगार्डांवर ५५ वॅटचे दोन हॅलोजन होते. दोन्ही मिळून आठ-नऊ अँपिअर खायचे, काच हाताला लागली तर फोड यायचा आणि हादऱ्यांनी एका हंगामात तीन-चार बल्ब जायचे. त्यांच्या जागी एलईडी बसवायचे ठरले ते ऑगस्ट २०२४ मध्ये. काम एका दुपारचे वाटले होते, लागले दोन महिने. असे काम करणाऱ्यांना अडणारी जागा आधीच कळावी म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहितो आहे.

२४ ऑगस्टला ३८० रुपयांना एक, असे चार चौकोनी दिवे आणले. खोक्यावर छापले होते, ४८ वॅट, १० ते ३० व्होल्ट, आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा). मल्टिमीटर लावून पाहिले तर १३.६ व्होल्टला एक दिवा १.३५ अँपिअर घेत होता, म्हणजे साधारण १८ वॅट. हा ४८ चा आकडा येतो कुठून, तर आत ३ वॅटच्या नावाने विकले जाणारे १६ एलईडी असतात आणि १६ गुणिले ३ म्हणजे ४८. प्रत्यक्षात त्यांना तेवढा करंट दिलेलाच नसतो, आणि ते बरेच आहे. त्या एवढ्याशा अॅल्युमिनियमच्या डबीत ४८ वॅट दिले तर ती तव्यासारखी तापेल. दिवे घेताना वॅट वाचू नका. दुकानदाराकडे बॅटरी असतेच, तिच्यावर लावून अँपिअर मोजा.

जोडणी तालुक्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली.

"मामा, रिले टाकावा का?"

"कशाला पायजे रिले? एलईडी लई कमी करंट खाती. जुन्या वायरीवरच जोडू की."

रिले म्हणजे बटणाच्या बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. करंटचे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. चार दिवे मिळून ५.४ अँपिअर, म्हणजे हॅलोजनपेक्षा कमीच. घात दुसरीकडून झाला.

२८ ऑगस्टला शेजारच्या शेतातल्या ट्रॅक्टरचा सेल्फ फिरेना. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. आपले इंजिन चालू ठेवायचे, बॅटरी काढून द्यायची, त्यांचे चालू झाले की परत आणायची. दिवे लागलेले असतानाच टर्मिनल निघाले आणि चारही दिवे एका क्षणात गेले. मागून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, बाकी काही नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गावात ज्याला डायनामो म्हणतात त्या अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीत चुंबकीय क्षेत्र साठलेले असते आणि बॅटरी त्याच्यावर जड झाकणासारखी बसलेली असते. चार्जिंग चालू असताना ते झाकण अचानक काढले तर रेग्युलेटरला करंट खाली आणायला वेळ लागतो. तेवढ्या सेकंदाच्या काही दशांशात १२ व्होल्टच्या गाडीचा दाब ८० ते १०० व्होल्टपर्यंत चढू शकतो. तंत्रज्ञ याला लोड डंप म्हणतात. ३० व्होल्ट सोसणारी चिप त्यापुढे टिकत नाही. हॅलोजन हा धक्का बहुधा पचवतो, कारण फिलामेंट तापायलाच वेळ लागतो. एलईडीच्या ड्रायव्हरला, म्हणजे त्याला करंट मोजून देणाऱ्या चिपला, तेवढी सवड नसते.

मेलेले दिवे मडगार्डवर तसेच राहिले. १ आणि २ सप्टेंबरला मराठवाड्यात जो पाऊस झाला, तो ऐन पोळ्याचा, त्यात दोन दिव्यांच्या काचेआत पाणी दिसू लागले. ३ तारखेला चारही दिवे उघडले. रबराची पट्टी जागेवर होती, पण वायर जिथून आत जाते तिथे नुसता सिलिकॉनचा ठिपका होता. वायरीच्या वेष्टणाच्या आतूनसुद्धा पाणी चढते हे तेव्हा नीट दिसले. दिवा गरम असताना पाऊस पडला की आतली हवा आक्रसते आणि मिळेल तिथून ओल ओढून घेते. प्लेटवर प्रत्येक दिव्यात एकच छोटी ड्रायव्हर चिप होती आणि चारही चिपांना मध्ये तडा गेलेला होता. इनपुटवर धक्का शोषणारे काहीच नव्हते. अॅल्युमिनियमच्या पंखेदार डब्या मात्र चांगल्या होत्या. नवे दिवे घेण्याऐवजी यांतल्याच तीन डब्यांत आपली आतली मांडणी करायची असे ठरवले.

आधी दोन दिवस नुसती मापे घेतली, आणि पुढचे सगळे हिशेब त्यांवरच उभे राहिले. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना ९.३, इंजिन हळू चालत असताना १३.४, आणि मळणी यंत्राला लागतात तेवढ्या फेऱ्यांवर १४.३. आपण सगळे ज्याला बारा व्होल्ट म्हणतो ते दिवसभरात एकदाही बरोबर बारा नसते.

पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ ते ३.३ व्होल्ट लागतात, पण त्याला खरी गरज असते ती ठरावीक करंटची. म्हणून तीन एलईडी एका माळेत जोडले की ९.६ व्होल्टच्या आसपास होतात आणि बाकीचा दाब कोणीतरी सांभाळावा लागतो. चार जोडले तर १२.८ होतात, मग इंजिन बंद असताना माळ नीट पेटतच नाही. १२ व्होल्टच्या गाडीत माळ तिनाची, ती यामुळे.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रेझिस्टर, करंटला अडवणारा साधा भाग. ३५० मिलिअँपिअरसाठी १३.८ व्होल्टवर हिशेब केला तर १२ ओहम येतो. आता तोच रेझिस्टर १२.० व्होल्टला २०० मिलिअँपिअर देतो आणि १४.४ ला ४००. दाब पाचव्या हिश्शाने वाढला आणि करंट दुप्पट झाला. ट्रॉलीला किंवा देवीच्या मिरवणुकीच्या गाडीला लावलेल्या एलईडी पट्ट्या महिनाभरात काळ्या का पडतात याचे उत्तर हेच. त्या पट्टीत दर तीन एलईडीला १५० ओहमचा एक बारका रेझिस्टर असतो. बरोबर १२ व्होल्टला १६ मिलिअँपिअर, १४.४ ला ३२.

१२ व्होल्टचा रेग्युलेटर बसवा, असा सल्ला दोघांनी दिला. ७८१२ नावाच्या रेग्युलेटरला स्वतःसाठी दोनेक व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे इंजिन बंद असताना तो कामाचाच नाही. शिवाय एलईडी तापला की त्याला लागणारा दाब प्रत्येक अंशाला २ ते ४ मिलिव्होल्टने उतरतो. दाब बांधून ठेवला आणि एलईडी तापू दिला तर करंट आपोआप वाढतो, त्याने तो आणखी तापतो, असे चक्र सुरू होते. एलएम३१७ हा दुसरा रेग्युलेटर करंट बांधायला वापरता येतो. १.२५ ला हव्या त्या अँपिअरने भागायचे, तेवढ्या ओहमचा रेझिस्टर लावायचा, झाले. एका लहान माळेसाठी तो उत्तम आहे. पण ७०० मिलिअँपिअरला १४.४ व्होल्टवर एका माळेमागे सव्वातीन-साडेतीन वॅट नुसती उष्णता होते. नऊ माळांची ३० वॅट. एवढी शेगडी डब्यात कुठे ठेवायची?

म्हणून बक ड्रायव्हर घेतला, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होऊन फारशी उष्णता न करता दाब उतरवणारा, पीटी४११५ चिपचा. ही चिप ३० व्होल्टपर्यंत काम करते आणि एका माळेला १.२ अँपिअरपर्यंत करंट देते. करंट ठरवणारा रेझिस्टर असतो ०.१ भागिले अँपिअर एवढा. ०.३० ओहमचे दोन समांतर जोडले की ०.१५ ओहम, म्हणजे ६६७ मिलिअँपिअर. दर माळेला एक ड्रायव्हर, दर दिव्यात तीन माळा, असे नऊ एलईडी. एलईडीला मिळतात साडेअठरा वॅट, ड्रायव्हरमधली गळती धरून बॅटरीकडून २०.७, म्हणजे १३.८ व्होल्टला दीड अँपिअर. तीन दिव्यांचे साडेचार. तीन माळा एकाच ड्रायव्हरवर समांतर टाकून पैसे वाचवायचा मोह होतो. तसे केले तर ज्या माळेचा दाब किंचित कमी तिच्याकडे जास्त करंट जातो, ती आधी मरते, आणि मग उरलेल्या दोघींवर तिचाही भार येतो.

सुटे भाग आमच्याकडे मिळाले नाहीत. लातूरला ड्रायव्हर होते, पण २३० व्होल्टच्या घरगुती बल्बचे. शेवटी पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून मागवले. गणपतीत कुरिअर अडकले, पार्सल १८ सप्टेंबरला हातात पडले. एलईडी ४००० केल्विनचे, म्हणजे किंचित पिवळसर पांढऱ्या उजेडाचे घेतले. दुकानांत सर्रास मिळतो तो ६५०० चा निळसर पांढरा. तो डोळ्याला जास्त झगझगीत वाटतो, पण मळणीच्या धुळीत समोर पांढरा पडदा उभा करतो आणि किडेही जास्त ओढतो. ते पडतात शेवटी सोयाबीनच्या राशीत.

मधल्या काळात कागदपत्रे उरकून घेतली. ट्रॅक्टर वॉरंटीत होता, म्हणून ५ सप्टेंबरला सर्व्हिस सेंटरला विचारले. तोंडी उत्तर मिळाले, लावा हो, काही होत नाही. ते लेखी मागितल्यावर स्वर बदलला. ९ तारखेला जॉबकार्डवर लिहून मिळाले की कंपनीचा मूळ वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा) कापला तर इलेक्ट्रिकलची वॉरंटी राहणार नाही, बॅटरीवरून स्वतंत्र वायर घेतल्यास हरकत नाही. या एका ओळीने पुढची सगळी मांडणी ठरवली. लेखी मागाच.

विम्याचे काम सोपे निघाले. कंपनीच्या किमतीत नसलेल्या विजेच्या जोडसामानाचा समावेश ज्या कलमाने होतो त्याला पॉलिसीच्या भाषेत आयएमटी २४ म्हणतात. ४००० रुपयांच्या सामानाला ४ टक्के म्हणजे १६० आणि वर जीएसटी, एकूण १८९ रुपये. अर्ज १० सप्टेंबरला दिला, दुरुस्तीचा कागद २३ ला आला. बिले जोडावी लागतात, त्यामुळे पासोड्या विठोबाचे कच्चे बिल चालले नाही, पक्के मागवून घ्यावे लागले.

आरटीओचा विषय बहुतेक जण टाळतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १११ वा नियम सांगतो की पुढच्या बाजूला स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावायला नोंदणी अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते, आणि तीही अपवाद म्हणूनच. १०८ वा नियम मागे लाल सोडून दुसरा दिवा दाखवायला मनाई करतो. सूट आहे ती नंबरप्लेटचा दिवा, इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा अशा मोजक्यांना. म्हणजे मागचा पांढरा फ्लडलाईट शेतात चालतो, पण डांबरी रस्त्यावर लागला की गुन्हा. साध्या कागदावर अर्ज, आरसीची प्रत आणि दिव्यांच्या जागेचे हाताने काढलेले चित्र घेऊन १२ सप्टेंबरला गेलो. पोच मिळाली. १७ ला पुन्हा गेलो तर मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनामुळे टेबलावर कोणी नव्हते. ३० तारखेला सांगण्यात आले की पुढचे विसरा, मागचे रस्त्यावर बंद आणि झाकलेले ठेवा. लेखी काही आले नाही. पुढच्या दिव्याचा बेत तिथेच सोडला. दोन दिवे मागच्या मडगार्डांवर आणि तिसरा सुटा, खळ्यात बांबूवर टांगायला, अशी वाटणी केली. रस्त्यासाठी रेक्झिनच्या दोन टोप्या शिवून घेतल्या.

जोडकामाला १९ सप्टेंबरला सुरुवात केली. जुन्या एलईडीची प्लेट काढून ३ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी डबीच्या मापाने कापून घेतली आणि तिच्यावर चांदणीच्या आकाराच्या बेसवरचे एलईडी स्क्रूने बसवले. खाली थर्मल पेस्ट. पेस्ट जाड थापली की जास्त गार राहील ही समजूत उलटी आहे. ती फक्त सूक्ष्म खळगे भरण्यापुरती हवी, कारण धातूला धातू टेकला तर उष्णता सगळ्यात सोपी जाते. तांदळाच्या दाण्याएवढी पुरते.

पहिला करंट सोडण्याआधी एक तपासणी चुकवू नये. मल्टिमीटर बीपवर ठेवून एलईडीच्या प्रत्येक पायातून पट्टीपर्यंत पाहायचे. कुठेही बीप नको. पीटी४११५ च्या मांडणीत माळेची ऋण बाजू बॅटरीच्या ऋणाला जोडलेली नसते. ती कॉइलमधून चिपमध्ये जाते. एलईडीचा पाय डबीला टेकला आणि डबी मडगार्डला, की चिपला बगल मिळते आणि माळ अनिर्बंध करंटवर जाते. आमच्या २७ पैकी दोन चांदण्यांत स्क्रूचे डोके सोल्डरला घासत होते. फायबरचे वॉशर घातले.

पहिली चाचणी नेहमी २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब मालिकेत टाकून करायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि तेवढ्यावर निभावते. बल्ब नसेल तर धूर निघतो. नऊपैकी एका ड्रायव्हरवर बल्ब पेटला. त्याचा डायोड उलटा लावलेला होता, तो कारखान्यातूनच तसा आलेला. मग प्रत्येक दिवा बंद खोलीत ४५ मिनिटे चालवला आणि मल्टिमीटरच्या तापमापीची वायर पट्टीला चिकटवली. खोली २९ अंशांवर, पट्टी ६१ वर थांबली. मे महिन्यातल्या रात्रीही ही डबी सत्तरीच्या आतबाहेर राहील असा अंदाज आहे. मशागतीला उन्हात उभ्या ट्रॅक्टरवर हे दिवे सतत लावायचे असते तर मी रेझिस्टर ०.२० ओहमचा करून करंट ५०० मिलिअँपिअरवर आणला असता. उजेडातला तो फरक डोळ्याला फारसा कळत नाही.

दिव्याच्या इनपुटवर दोन गोष्टी घातल्या. ५० व्होल्टचा १०० मायक्रोफॅरड कपॅसिटर आणि १.५केई२४ए हा धक्का शोषणारा डायोड. शेवटचे अक्षर पाहून घ्या. नुसता ए म्हणजे एकदिशी, सीए म्हणजे दुदिशी. इथे मुद्दाम एकदिशी घेतला. २४ व्होल्टच्या आसपास तो वाट मोकळी करतो आणि मोठ्या धक्क्यातही दाब ३३ व्होल्टच्या आसपास रोखतो. आणि कोणी बॅटरी उलटी जोडली तर तो सरळ शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. त्यात बहुतेक वेळा डायोडही जातो, पण तो ३५ रुपयांचा. दोन मर्यादा लक्षात ठेवा. चालत्या इंजिनची बॅटरी काढल्यावरचा पूर्ण मारा झेलण्याएवढा हा डायोड मोठा नाही. तो स्वतः जातो आणि बहुधा दिवा वाचतो. दुसरे म्हणजे ट्रकच्या २४ व्होल्टवरून ट्रॅक्टरला जंप देताना दिव्यांचा फ्यूज आधी काढायचा.

२९ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर ट्रॅक्टरवरचे वायरिंग केले, कापणीतून वेळ मिळेल तसे. बॅटरीच्या धन टर्मिनलपासून १५ सेंटिमीटरवर फ्यूजहोल्डर, त्यात १० अँपिअरचा लाल पाती फ्यूज. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. तो दिव्याजवळ लावला तर मधली तीन-चार मीटर वायर उघडी पडते, आणि ७५ अँपिअर-अवरची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतते. बनीमीजवळ हे कसे संपेल ते वेगळे सांगायला नको. तिथून २.५ चौरस मिलिमीटरची लाल वायर रिलेच्या ३० नंबरच्या पायाला, ८७ वरून मागे. ८६ ला डॅशबोर्डवरच्या नव्या बटणाची वायर, ८५ ऋणाला, आणि या दोघांत १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू ८६ कडे. बटणाला पुरवठा फ्यूजबॉक्सच्या रिकाम्या जागेतून, किल्ली चालू असेल तरच मिळणारा. हार्नेस कुठेही कापला नाही, हॅलोजनचे कपलर टेप लावून तसेच बांधून ठेवले.

वायर किती जाड, याचा हिशेब सोपा आहे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याला दर मीटरला साधारण ७.५ मिलिओहम. जायचे चार मीटर, यायचे चार, करंट साडेचार अँपिअर, म्हणजे पाव व्होल्टच्या थोडे वर. ०.७५ ची बारीक वायर घेतली असती तर जवळपास एक व्होल्ट गेला असता. आणि इथे बक ड्रायव्हरची एक खोड आहे. त्याला वॅट ठरलेले लागतात, म्हणून दाब कमी पडला की तो करंट जास्त ओढतो. १३.८ ला दीड अँपिअर घेणारा दिवा ११ व्होल्टला १.९ घेतो. बारीक वायरीत त्यामुळे आणखी दाब पडतो. बल्बचे गणित याच्या बरोबर उलटे चालते.

जोड सगळे थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) आणि पक्कडीने दाबून केले. सोल्डर केलेली वायर जिथे सोल्डर संपते तिथे ताठ होते आणि हादऱ्याने त्याच रेषेवर तुटते. थिंबल दाबायची पक्कड ४५० रुपयांची, पण साध्या पकडीने चेपलेले थिंबल ओढून पाहिले तर दहातले तीन निघून आले. वरून आकसणारी स्लीव्ह, टर्मिनलला व्हॅसलीन. ट्रॅक्टरवर युरियाची पोती वाहिली जातात आणि त्याची ओल तांब्याला हिरवे करते. दिव्यांना नायलॉनच्या कड्याचे नट. वायर आत शिरते तिथे ग्लँड, म्हणजे वायरीभोवती आवळणारे रबरी बूच, आणि बाहेर वायरीला खाली झोळ, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते.

८ ऑक्टोबरच्या रात्री पहिल्यांदा मळणीवर लावले. तिन्ही दिवे लख्ख. धाकधूक होती ती अर्ध्या तासात गेली. सगळे ठीक आहे असे वाटत असताना सवयीने मीटर लावला आणि डाव्या दिव्याची ऋण वायर ते बॅटरीचे ऋण यांत ०.९ व्होल्ट निघाले. तिन्ही ऋण वायरी बॅटरीपर्यंत न्यायच्या ठरल्या होत्या, पण डावीकडे वायर कमी पडली म्हणून ती मडगार्डच्या बोल्टला दिली होती. रंग खरवडून पाहिला, ०.४ वर आले. मडगार्डच खाली रबरी वॉशरवर बसलेले होते. शेवटी २.५ ची वायर परत नेली, तेव्हा ०.१२. यात घोटाळा असा की उजेडात काडीचाही फरक दिसत नव्हता. हॅलोजनला अर्थिंग खराब असले की तो पिवळा पडतो आणि आपल्याला कळते. करंट बांधलेला एलईडी तसाच पेटत राहतो आणि तेवढी वीज बोल्टमध्ये मुरते. बोल्ट कोमट लागत होता, आणि त्याच्यावर सोयाबीनचे भूस साचलेले होते. एलईडी लावल्यावर डोळ्यावर भरवसा ठेवता येत नाही. दिवे चालू ठेवून प्रत्येक ऋण जोड मोजा, ०.२ व्होल्टच्या वर गेला तर उघडा.

दुसरी तक्रार रेडिओची. बटण दाबले की आकाशवाणी परभणीच्या जागी नुसती खरखर. हे ड्रायव्हर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि लांब वायर अँटेनासारखे काम करते. धन आणि ऋण वायरी एकमेकींना पीळ घालून नेल्या, प्रत्येक दिव्याजवळ फेराइटच्या, म्हणजे अशी खरखर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या, कड्यातून तीन वेढे दिले. एफएम स्वच्छ झाले, मीडियम वेव्हवर थोडी कुरकुर अजून आहे. ती चालवून घेतली.

१२ ऑक्टोबरला दसऱ्याला ट्रॅक्टरच्या पूजेपर्यंत काम संपले होते. खर्च असा: २७ एलईडी ४८६, नऊ ड्रायव्हर ५८५, धक्का शोषणारे डायोड १०५, पट्ट्या १२०, रिले बेससकट १५०, फ्यूज, होल्डर आणि किरकोळ ९५, वायर ४१०, वरची नळी १४४, थिंबल-स्लीव्ह-कपलर १६०, थर्मल पेस्ट १२०, कुरिअर ११०. एकूण २४८५ रुपये. जळालेल्या दिव्यांचे १५२० धरले तर ४००५. पक्कड, फेराइटची कडी आणि विम्याचे १८९ वेगळे. एवढ्यात बाजारातले चांगल्या कंपनीचे दोन तयार दिवे आले असते आणि ज्याला सोल्डरिंग येत नाही त्याने तेच घ्यावेत. फ्यूज, रिले, जाड वायर आणि परतीची ऋण वायर मात्र त्यांनाही लागतेच.

इंजिन बंद ठेवून खळ्यात दोन तास तिन्ही दिवे लावले तर बॅटरीतून दहा अँपिअर-अवर जातात. ७५ च्या चांगल्या बॅटरीला ते काही नाही. तीन वर्षांच्या बॅटरीवर सकाळी सेल्फ रुसतो, म्हणून सुटा दिवा एकटाच लावायचा.

दिवाळीनंतर ५ नोव्हेंबरला सगळे उघडून पाहिले. पंखांत भुसा घट्ट बसला होता, तो ब्रशने काढला. उजव्या दिव्याचा एक नट अर्धा फेरा सैल, कारण तिथे साधाच नट लावला गेला होता. फ्यूजची पाती स्वच्छ, काचेच्या आत ओल नाही. बॅटरीच्या झाकणावर ऑइल पेंटने दोन ओळी लिहून घेतल्या आहेत: इंजिन चालू असताना काढू नये. मागायला आलेल्याला वायर द्यावी, बॅटरी नाही.